जुन्या घरातील नवी वीज

शिर्डीचा इतिहास म्हटला की साईबाबा, द्वारकामाई, चावडी ही नावे प्रथम मनात येतात, आणि ते योग्यच आहे. पण या गावाला आणखी एक इतिहास आहे. तो आहे घरांचा. इथली घरे एका कामासाठी बांधली गेली आणि पुढे दुसऱ्याच कामाला लागली. नागपूरचे धनिक बापूसाहेब बुटी यांनी इथे दगडी वाडा बांधायला घेतला, त्यात मुरलीधराची स्थापना करावी असा त्यांचा संकल्प होता. १५ ऑक्टोबर १९१८ रोजी, विजयादशमीच्या दिवशी, बाबांनी देह ठेवला. त्यांना त्याच वाड्यात विसावा मिळाला आणि बुटींचा वाडा समाधिमंदिर झाला. हरि विनायक साठे यांचा वाडा, काकासाहेब दीक्षितांचा वाडा, हेही याच काळातले. येणाऱ्या-जाणाऱ्या भक्तांच्या सोयीला ते उपयोगी पडले.

मोठ्यांच्या वाड्यांचे जे झाले तेच पुढे सामान्यांच्या घरांचे झाले. यात्रा वाढली तसे शेतकऱ्याच्या घराचे ओसरीवरचे दोन खण यात्रेकरूंना राहायला मिळू लागले. मग गोठा हलला, तिथे खोल्या झाल्या. मग धाबे काढून स्लॅब पडला, वर मजला चढला. शिर्डीच का, राहाता घ्या, कोपरगाव घ्या, संगमनेर घ्या, जिल्ह्यातल्या कोणत्याही बाजारपेठेच्या गावी हेच दिसेल. भिंत पाडली, दार मोठे केले, फरशी बदलली, हे सगळे लोकांच्या डोळ्यांना दिसते. पण त्या भिंतीतून गेलेली विजेची तार? तिची दाद घेतली जातेच असे नाही. आज आपण तिच्याविषयी बोलणार आहोत: जुने घर दुरुस्त करताना विजेचे काम मंजूर करून घ्यावे लागते, हा नियम कुठून आला, त्याचा अर्थ काय, आणि तो पाळताना आपण नेमके काय मागून घ्यावे.

बाबांच्या चरित्रात पणत्यांची कथा आहे. गावातल्या वाण्यांकडून तेल मागून आणावे आणि मशिदीत दिवे लावावेत, हा त्यांचा नित्यक्रम. तेलाच्या दिव्याचा एक गुण आहे. त्याची ज्योत दिसते, काजळी दिसते, तेल सांडले तर वास येतो. धोका डोळ्यांसमोर असतो, म्हणून घरातली म्हातारी बाईसुद्धा निजण्यापूर्वी दिवा मालवला की नाही ते पाहते. विजेचे तसे नाही. तार चांगली असो वा कुजलेली, दिवा सारखाच लागतो. भिंतीआड तार तापते, तिचे आवरण करपते, उंदीर ते कुरतडतात, आणि वर भिंतीला नुकताच रंग दिलेला असतो. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा! जे डोळ्यांना दिसत नाही ते उपकरणाने पाहावे लागते, आणि ज्याला पाहता येते अशा माणसाने पाहावे लागते. विजेच्या सगळ्या नियमांचे मूळ एवढेच आहे.

हे मूळ किती जुने आहे ते बघा. १८८२ साली न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर एडिसनचे वीजकेंद्र सुरू झाले. त्याच वर्षी लंडनमध्ये तारायंत्राच्या व विजेच्या अभियंत्यांच्या संस्थेने विजेच्या दिव्यांपासून लागणाऱ्या आगी टाळण्याचे नियम छापून काढले. आगीचा विमा उतरवणाऱ्या कंपन्याही त्या कामाला लागल्या होत्या. घर जळाले तर पैसे त्यांना मोजावे लागत. म्हणजे वीज विकण्याचा धंदा आणि विजेचे नियम ही जुळी भावंडे आहेत.

आपल्याकडे तर कायदा विजेच्याही आधी आला, असे म्हणायला हरकत नाही. हिंदुस्थानातला पहिला विजेचा कायदा १८८७ सालचा. वीजपुरवठ्यामुळे जीविताला व मालमत्तेला होणाऱ्या अपायापासून रक्षण करणे, हा त्याचा उद्देश. दार्जिलिंगचे जलविद्युत केंद्र सुरू झाले ते त्यानंतर दहा वर्षांनी, १८९७ साली. कलकत्त्यात पुरवठा सुरू झाला तो १८९९ साली. पुढे १९०३ चा आणि मग १९१० चा कायदा आला. १९१० च्या कायद्यात विद्युत निरीक्षकाची तरतूद होती. वीज विकणारा एक, वापरणारा दुसरा आणि या दोघांपासून अलग असा, सुरक्षिततेपुरता पाहणारा सरकारी माणूस तिसरा, अशी ती योजना. १९१० चा हा कायदा नव्वदांहून अधिक वर्षे टिकला. २००३ साली नवा विद्युत कायदा आला, पण निरीक्षकाचे पद त्यातही कायम राहिले.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. मुंबईला १९०५ साली वीज मिळू लागली, १९१५ साली खोपोलीचे टाटांचे जलविद्युत केंद्र चालू झाले. पण खेड्यांना पुष्कळ वाट पाहावी लागली. १९४८ च्या कायद्याने राज्याराज्यांत वीज मंडळे स्थापन करण्याची सोय झाली. महाराष्ट्र राज्य झाले त्याच वर्षी, २० जून १९६० रोजी, महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ अस्तित्वात आले. १९६९ साली केंद्र सरकारने ग्रामीण विद्युतीकरण निगम काढला, आणि त्याच्या साहाय्याने देशात पहिल्या ज्या पाच ग्रामीण वीज सहकारी संस्था उभ्या राहिल्या त्यांतली एक आपल्या जिल्ह्यातली, श्रीरामपूरची मुळा-प्रवरा. साखर कारखाना सहकारात उभा करणाऱ्या जिल्ह्याने वीजही सहकारात वाटून दाखवली. तिचा परवाना २०११ च्या जानेवारीअखेर संपला आणि तिचे क्षेत्र महावितरणकडे गेले. त्याआधी ६ जून २००५ रोजी जुन्या विद्युत मंडळाचे विभाजन होऊन महावितरण कंपनी निघाली होती.

हा इतिहास मी एका व्यवहाराच्या कारणासाठी सांगितला. आपल्या घरातली जोडणी आजोबांच्या नावावर असेल, कागद मंडळाचा किंवा मुळा-प्रवरेचा असेल, आणि आज बिल महावितरणचे येत असेल. संस्था बदलल्या, मीटर बदलले, नावे बदलली. भिंतीतली तार मात्र पुष्कळदा तीच राहिली. घर दुरुस्तीला काढण्याआधी त्या तारेचे वय किती, हा पहिला प्रश्न विचारावा.

वय ओळखणे फार अवघड नाही. सागवानी पट्टीवर पत्र्याच्या चापांनी बसवलेली, रबराच्या आवरणाची तार दिसली, तर ती जुन्या पिढीची समजावी. रबर वर्षानुवर्षांच्या उष्णतेने कडक होते, बोटाने दाबले तर तडकून पडते. लाकडी पेटीत बसवलेले पांढऱ्या चिनी मातीचे दोन फ्यूज दिसले, तर अधिक सावध व्हावे. त्यांतला एक फेजवर असतो, दुसरा न्यूट्रलवर. न्यूट्रलचा फ्यूज उडाला की दिवा विझतो आणि वीज गेली असे वाटते. पण फेजची तार दिव्यापर्यंत जिवंतच असते. अंधारात माणूस होल्डरला हात घालतो. न्यूट्रलवर असा सुटा फ्यूज बसवू नये, असे १९५६ च्या नियमांनी स्पष्ट बजावले होते. तरी जुन्या घरांतून ते टिकून राहिले, कारण तिकडे कोणी पाहिलेच नाही. तिसरी खूण म्हणजे दोन भोकांचे गोल सॉकेट. तिथे तिसरी, म्हणजे जमिनीची, तार पोचलेलीच नाही असे समजावे.

आता मुख्य नियमाकडे वळू. भारतीय विद्युत नियम, १९५६ यांतला पंचेचाळिसावा नियम घरमालकाने, भाडेकरूने आणि कामगाराने कोणती काळजी घ्यावी ते सांगतो. त्याचा आशय असा: विजेची मांडणी नवी करणे, तीत भर घालणे, फेरफार करणे, दुरुस्ती करणे ही कामे राज्य सरकारचा परवाना असलेल्या कंत्राटदाराकडूनच करून घ्यावीत, त्यांवर प्रमाणपत्रधारक पर्यवेक्षकाची देखरेख असावी आणि काम करणाऱ्या हातालाही परवाना असावा. सरकारी मराठीत या कामगाराला तारतंत्री म्हणतात. गावात आपण वायरमन म्हणतो. २०१० साली केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे विनियम आले, २०२३ साली ते पुन्हा नव्याने आले; ही अट मात्र टिकून आहे.

तुम्ही म्हणाल, मग साधा दिवा बदलायलासुद्धा कंत्राटदार बोलवायचा काय? नाही. नियम करणारे इतके अव्यवहारी नव्हते. दिवा, पंखा, फ्यूज, बटण, घरगुती उपकरण बदलण्याला त्यांनी सूट दिली. पण एक अट घातली. त्या बदलाने मांडणीची क्षमता किंवा तिचे स्वरूप बदलता कामा नये. क्षमता आणि स्वरूप, हे दोन शब्द ध्यानात ठेवा. घराच्या दुरुस्तीत विजेचे काम मंजुरीचे कोणते आणि बिनमंजुरीचे कोणते, हे या दोन शब्दांवर ठरते.

क्षमता म्हणजे काय, ते हिशेबानेच पाहू. जुन्या घरात साठ वॅटचे चार दिवे आणि एक रेडिओ, म्हणजे फार तर तीनशे वॅट. आता त्याच घरात यात्रेकरूंसाठी आठ खोल्या काढल्या आणि प्रत्येकीत दोन हजार वॅटचा गिझर बसवला. पहाटे काकड आरतीला जायचे म्हणून सगळे एकाच वेळी आंघोळीला उठणार! आठ गिझर म्हणजे सोळा हजार वॅट. २३० व्होल्टच्या एकाच फेजवर घेतले तर सुमारे सत्तर अँपिअर. शाळेत आपण जूलचा नियम शिकवतो: तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह तिप्पट झाला की उष्णता नऊपट. गुरुजनांनी हे उदाहरण फळ्यावर अवश्य मांडावे; मुले घरी जाऊन आपल्याच भिंतीकडे नव्या नजरेने पाहतील. अशा घराने मंजूर भार वाढवून घेतला पाहिजे, तीन फेजची जोडणी घेतली पाहिजे, आणि मीटरपासून खोलीपर्यंतच्या तारा त्या भाराला पुऱ्या पडतील अशा घातल्या पाहिजेत. नुसता फ्यूज जाड करून भागत नाही. फ्यूजची बारीक तार काढून जाड तांब्याची तार गुंडाळणे म्हणजे पहारेकऱ्याला अफू चारून निजवणे होय.

स्वरूपाचे तसेच. राहते घर लॉज झाले की वापराचे स्वरूप बदलले. ज्या कामासाठी जोडणी घेतली ते सोडून दुसऱ्याच कामाला वीज वापरली, तर २००३ च्या कायद्याच्या १२६ व्या कलमाखाली दुप्पट दराने आकारणी होऊ शकते. म्हणून बदल आपण होऊन कळवावा. इमारत पंधरा मीटरहून उंच झाली, तर जोडणीपूर्वी विद्युत निरीक्षकाला सूचना देऊन तपासणी करून घ्यावी लागते. लिफ्ट बसवायची तर तिला वेगळी परवानगी आणि वेगळा परवाना. त्यासाठी पूर्वी मुंबईचा १९३९ चा लिफ्टचा कायदा होता. पुढे महाराष्ट्राचा २०१७ चा कायदा झाला. साध्या राहत्या घराच्या दुरुस्तीला मात्र निरीक्षकाकडे खेटे घालावे लागत नाहीत. तिथे परवानाधारक कंत्राटदाराने सही केलेला चाचणी अहवाल, ज्याला सगळे टेस्ट रिपोर्ट म्हणतात, तो अर्जासोबत महावितरणकडे द्यायचा असतो.

आता या टेस्ट रिपोर्टपाशी जरा थांबू या, कारण खरे मर्म इथे आहे. जोडणी देण्यापूर्वी गळतीची चाचणी घ्यावी असे नियम सांगतात. मेगर नावाचे छोटे यंत्र असते. त्याने तार आणि जमीन यांच्यामध्ये ५०० व्होल्टचा दाब एक मिनिट द्यायचा आणि आवरणाचा रोध मोजायचा. तो निदान एक मेगओहम, म्हणजे दहा लाख ओहम, भरला पाहिजे. पावसाळ्यात पाझरणाऱ्या मातीच्या भिंतीत किंवा करपलेल्या तारेत तो भरत नाही, आणि जे डोळ्यांना दिसत नव्हते ते काट्यावर दिसू लागते.

दुसरी चाचणी जमिनीच्या जोडणीची, अर्थिंगची. आपल्या गोदाकाठच्या आणि प्रवरेच्या खोऱ्यातल्या काळ्या जमिनीचा स्वभाव शेतकऱ्याला सांगायला नको. पावसात ती चिकट, वैशाखात हातभर भेगा. ओली असताना ती वीज झटकन पोटात घेते. वाळली की तिचा रोध वाढतो. म्हणून अर्थिंगचा खड्डा पुरेसा खोल हवा, त्याला पाणी घालायची सोय हवी, आणि मोजणी उन्हाळ्यातही करून पाहावी. पावसाळ्यात चांगला निघालेला आकडा चैत्रात टिकेलच असे नाही. याच्या जोडीला गळती ओळखून पुरवठा तोडणारे यंत्र बसवून घ्यावे. माणसाच्या रक्षणासाठी ते ३० मिलिअँपिअरचे असावे. आंघोळीच्या खोलीत गिझर असलेल्या घराने याचा खर्च वाचवू नये.

या मोजण्या झाल्या की आकडे अहवालात भरायचे आणि त्याखाली सही करायची, असा क्रम आहे. पण पुष्कळ ठिकाणी क्रम उलटा होतो. काम एक करतो, परवाना दुसऱ्याचा असतो. सही आधी होते आणि मेगर पेटीतून बाहेरही निघत नाही. घरमालकालाही कागद हवा असतो, तो मिळाला की समाधान. यात फसवणूक होते ती कचेरीची नव्हे. कचेरी संध्याकाळी बंद होते. त्या भिंतीला उशी टेकून आपली मुले झोपतात, आणि परगावाहून विश्वासाने आलेला यात्रेकरू झोपतो.

या गोष्टी लांबच्या नाहीत. २०२१ च्या जानेवारीत भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातील नवजात बालकांच्या कक्षाला आग लागून दहा बाळे गेली. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणी, तेव्हाच्या अहमदनगरच्या आणि आताच्या अहिल्यानगरच्या जिल्हा रुग्णालयात, अतिदक्षता विभागाला आग लागली आणि अनेक रुग्ण प्राणाला मुकले. तो कक्ष काही जुना वाडा नव्हता. कोविडच्या काळात नव्याने उभारलेला होता. दोन्ही वेळा राज्यभर तपासण्यांचे आदेश निघाले. वास्तू नवी आहे एवढ्यावर विसंबता येत नाही, एवढे तरी आपण त्यातून शिकावे. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, ही म्हण खरी करायची तर मागच्याने पायाखाली पाहिले पाहिजे.

तेव्हा घर दुरुस्तीला काढाल तेव्हा चार गोष्टी करा. भिंतींना गिलावा होण्यापूर्वी विजेच्या कामाचा आराखडा कागदावर काढून घ्या आणि एकूण भार मांडा. कंत्राटदाराचा परवाना मागून पाहा, त्याची मुदत पाहा. यात संकोच नको, डॉक्टरच्या दवाखान्यात प्रमाणपत्र भिंतीवर लावलेले असतेच की. चाचणीच्या वेळी स्वतः हजर राहा, घरातला शाळकरी मुलगा किंवा मुलगी असेल तर त्यांनाही उभे करा, आणि मेगरचा आकडा आपल्या वहीत टिपून घ्या. शेवटी टेस्ट रिपोर्टची प्रत घराच्या खरेदीखताशेजारी जपून ठेवा. पाच-दहा वर्षांनी पुन्हा मोजाल तेव्हा तुलनेला ती कामी येईल.

आणि कचेरीने अडवले तर? तिथेही नियम आपल्या बाजूने बोलतात. मांडणी धोक्याची वाटली तर पुरवठादाराने दोष लेखी कळवावेत, असे १९५६ चे नियम सांगत. दोष दाखवून पुरवठा नाकारला आणि ते ग्राहकाला पटले नाही, तर विद्युत निरीक्षकाकडे दाद मागून त्याच्याकडून मांडणी तपासून घेण्याची वाट त्यांत होती. २०१० च्या विनियमांनीही ती ठेवली. १९१० साली जो तिसरा माणूस नेमला, तो सामान्य ग्राहकाला इथे उपयोगी पडतो. शिवाय केंद्र सरकारच्या २०२० च्या ग्राहक हक्क नियमांत २०२४ साली दुरुस्ती झाली. तीनुसार अर्ज पूर्ण असेल तर नवी जोडणी किंवा जोडणीतला बदल नगरपालिका क्षेत्रात सात दिवसांत आणि ग्रामीण भागात पंधरा दिवसांत व्हावा, असे ठरले. काम रखडले तर ग्राहक तक्रार निवारण मंच आहे, त्यावर विद्युत लोकपाल आहे. म्हणून मधल्या माणसाच्या हातावर काही ठेवून काम उरकण्यापेक्षा लेखी अर्ज द्या, पोच घ्या आणि दोष लेखी मागा.

इतिहास शिकवताना आपण राजांच्या सनदा वाचतो, शिक्के तपासतो, खरी कोणती आणि बनावट कोणती ते पारखतो. घरातला टेस्ट रिपोर्ट हीसुद्धा एक सनदच आहे. तिच्यावरची सही खरी ठरते ती तिच्यामागे झालेल्या मोजणीने. ती मोजणी आपल्या घरी, आपल्या डोळ्यांदेखत झाली, एवढे प्रत्येकाने पाहिले तरी १८८७ पासून चालत आलेल्या या नियमांचे सार्थक होईल, आणि जुन्या घरात नवी वीज सुखाने नांदेल.